भाभा आणि दशांशानंतरचे दोन आकडे

मासिकाच्या मराठी विभागाकडे दरवर्षी कविता ढीगभर येतात आणि लेख मात्र बोटांवर मोजण्याइतके, अशी संपादक मंडळाची जुनी तक्रार आहे. यंदा त्यांनी थेट स्टाफरूममध्ये येऊन मला गाठलं. विषय काहीही चालेल, म्हणाले. मी फर्स्ट इयरला अप्लाइड केमिस्ट्री शिकवते, तेव्हा माझ्या काहीहीमधूनही केमिस्ट्रीच निघणार हे त्यांनी ओळखायला हवं होतं! पण लगेच पान उलटू नका. हा लेख एका माणसाच्या आयुष्यावर आहे, आणि तो माणूस मूळचा मेकॅनिकलचा. डॉ. होमी जहांगीर भाभा.

भाभा म्हणजे भारतीय अणुऊर्जेचे जनक वगैरे तुम्ही शाळेच्या निबंधात लिहून मोकळे झाला आहात. ते मी पुन्हा लिहिणार नाही. मी त्यांच्याकडे जाणार आहे पिरियॉडिक टेबलमधल्या एका चौकोनाच्या वाटेने. नंबर ९२, युरेनियम. त्या चौकोनात खाली एक आकडा असतो, २३८.०३. भाभांच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांतले बरेचसे मोठे निर्णय या आकड्यात दशांशचिन्हाच्या उजवीकडे जे दोन आकडे आहेत त्यांच्याभोवती फिरतात, असं माझं मत आहे. आणि त्यातला सर्वांत जास्त चर्चा झालेला निर्णय उभा राहिला तो तारापूरला, जे २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं.

आता आधी तो दशांश कुठून येतो ते बघू. दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी वर्गाला विचारते, क्लोरीनचं अणुवस्तुमान किती? (आमच्या वेळी याला अणुभार म्हणायचे.) अख्खा वर्ग एका सुरात साडेपस्तीस म्हणतो. मग मी विचारते, क्लोरीनचा एकच अणू उचलून तराजूत टाकला तर तो किती भरेल? पुन्हा साडेपस्तीस. इथेच सगळी गंमत आहे. साडेपस्तीस वजनाचा क्लोरीनचा अणू निसर्गात एकही नाही! जे आहेत ते एक तर ३५ च्या आसपासचे किंवा ३७ च्या आसपासचे. हजार अणू घेतले तर साधारण ७५८ पहिल्या जातीचे आणि २४२ दुसऱ्या जातीचे. त्यांची सरासरी ३५.४५ येते, आणि आपण ती सोयीसाठी साडेपस्तीस म्हणतो.

मी डोंबिवलीहून येते, त्यामुळे मला उदाहरणं लोकलचीच सुचतात. समजा सकाळी दहा लोकल आल्या. त्यातल्या आठ बारा डब्यांच्या आणि दोन पंधरा डब्यांच्या. सरासरी काढा. बारा पूर्णांक सहा दशांश. आता १२.६ डब्यांची लोकल डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर कोणी पाहिली आहे का? उद्घोषणा होते ती बाराची किंवा पंधराची. पण दोन्ही लोकल एकाच स्टेशनांवर थांबतात, एकाच मार्गाने जातात, पाटी तीच असते. समस्थानिकांचं तसंच आहे. केंद्रकातले प्रोटॉन तेवढेच, म्हणून टेबलमधली जागा तीच आणि रासायनिक वागणूकही तीच. न्यूट्रॉन मात्र कमीजास्त, म्हणून वजन वेगळं. मराठी शब्द किती नेमका आहे बघा, सम स्थान असलेले ते समस्थानिक. १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी मूळ ग्रीकवरून जो शब्द वापरायला सुरुवात केली त्याचाही अर्थ हाच, आणि तो त्यांना सुचवला होता मार्गारेट टॉड नावाच्या एका डॉक्टरबाईंनी. ही माहिती व्हायवात विचारली जात नाही, तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

ही सरासरी साधी नसते, भारित असते. तुमच्या एसजीपीएसारखी. चार क्रेडिटच्या विषयात दांडी उडाली आणि एका क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये पैकीच्या पैकी मिळाले, तरी एसजीपीए कोणाकडे झुकतो ते तुम्हाला सांगायला नको.

एकदा हे सगळं शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, की आम्ही मेकॅनिकलवाले, आम्हाला या सरासरीचा उपयोग काय. प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर तासाच्या उरलेल्या पाच मिनिटांत मावणारं नव्हतं. ते इथे देते.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. घर सुशिक्षित पारशी. वडील जहांगीर वकील. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पुस्तकं, चित्रं आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड. शाळा कॅथीड्रल, मग एल्फिन्स्टन कॉलेज, मग रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. वडिलांची आणि टाटांची इच्छा अशी, की मुलाने केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनिअरिंग करावं आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं. त्याप्रमाणे १९२७ मध्ये भाभा केंब्रिजच्या कीज कॉलेजात दाखल झाले.

पुढची कथा आपल्या हॉस्टेलच्या दर तिसऱ्या खोलीत घडते. मुलाला इंजिनिअरिंगमध्ये रस वाटेना. भाभांनी १९२८ मध्ये वडिलांना पत्र लिहून स्पष्ट कळवलं की धंदा किंवा कारखान्यातली नोकरी हा आपला पिंड नाही, आपल्याला भौतिकशास्त्र करायचं आहे. वडिलांनी ना रागावून पैसे बंद केले, ना लगेच होकार दिला. त्यांनी अट घातली. आधी मेकॅनिकलची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणितासाठी आणखी दोन वर्षं तिथे राहण्याचा खर्च मी देतो. भाभांनी १९३० मध्ये मेकॅनिकलचा पहिला वर्ग मिळवला आणि १९३२ मध्ये गणिताचाही. नावडत्या विषयात पहिला वर्ग काढून मग आवडता विषय घेणं, हे ब्रँच बदलण्याच्या सगळ्या प्रकारांत मला सर्वांत सभ्य वाटतं. शिवाय ते मेकॅनिकल वाया गेलं नाही. पुढे अणुभट्टीचे आराखडे समोर आले तेव्हा ते वाचणारा माणूस नुसता सिद्धान्तवाला नव्हता.

भाभा केंब्रिजला पोहोचले ते वर्ष समस्थानिकांच्या इतिहासातही महत्त्वाचं आहे. तिथल्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत फ्रान्सिस अ‍ॅस्टन नावाचे गृहस्थ अणूंची वजनं करत बसलेले असत. त्याच प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांना १९१३ च्या सुमारास निऑनमध्ये २० आणि २२ अशी दोन वजनं दिसली होती. अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये त्यासाठी खास उपकरण बांधलं, मास स्पेक्ट्रोग्राफ. विद्युतभारित अणूंचा झोत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून वळवायचा. हलका जास्त वळतो, जड कमी. फोटोच्या काचेवर प्रत्येक वजनाची वेगळी रेघ उमटते, आणि रेघ किती ठळक यावरून त्या जातीचं प्रमाण कळतं. क्लोरीनच्या ३५ आणि ३७ च्या रेघा अशाच सापडल्या. १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल अ‍ॅस्टनना याचसाठी मिळालं आणि १९२७ मध्ये त्यांनी आणखी अचूक असं दुसरं उपकरण जगापुढे ठेवलं. एकाच मूलद्रव्याच्या अणूंची वजनं वेगळी का, याचं उत्तरही त्याच प्रयोगशाळेत १९३२ मध्ये मिळालं, जेव्हा जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. भाभा तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि गणिताची परीक्षा देत होते.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. अ‍ॅस्टन यांनी १९३१ मध्ये युरेनियमही उपकरणात घालून पाहिलं. त्यांना एकच रेघ दिसली, २३८ ची. दुसरी जात आहे हे कळायला १९३५ उजाडलं, आणि ती सापडली अमेरिकेत, आर्थर डेम्पस्टर यांना. २३५. हजारांत जेमतेम सात. हे सात अणू त्या काळच्या जगातल्या सर्वांत हुशार डोळ्यांना चार वर्षं चुकवत राहिले. १९३५ हेच भाभांच्या पीएचडीचं वर्ष. त्यांचं स्वतःचं काम या वजनांवर नव्हतं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात याचं त्यांनी केलेलं गणित आज भाभा स्कॅटरिंग नावाने ओळखलं जातं, आणि १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या सरी कशा पडतात त्याचा सिद्धान्त मांडला.

१९३९ मध्ये सुट्टीसाठी म्हणून ते भारतात आले आणि युरोपात महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद. ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले, जिथे सी. व्ही. रामन होते. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो. युद्ध संपल्यावर त्यांना केंब्रिजला जाता आलं असतं. ते गेले नाहीत. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्रासाठी संस्था मागितली. त्यात त्यांचा मुद्दा असा होता, की दहा-वीस वर्षांनी अणुशक्तीतून वीज मिळू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेर शोधावे लागू नयेत. तारीख पुन्हा बघा. हिरोशिमाला अजून सव्वा वर्षाहून जास्त अवकाश होता. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, आधी बंगळूरला आणि मग मुंबईत पेडर रोडच्या केनिलवर्थ बंगल्यात. ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग नेमला गेला आणि अध्यक्ष झाले भाभा. १९५४ मध्ये तुर्भ्याला, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी अशा जागेवर काम सुरू झालं. १९६७ पासून त्या केंद्राला त्यांचंच नाव आहे.

आता खरा पेच. आपल्याला वीज हवी, युरेनियम थोडं आहे, आणि त्या युरेनियममध्ये सावकाश न्यूट्रॉनने फुटणारे, म्हणजे कामाचे, अणू हजारांत सातच. उरलेले ९९३ फुटत नाहीत. हिशेब मांडून बघा. सात गुणिले २३५.०४ आणि ९९३ गुणिले २३८.०५, बेरीज भागिले हजार. येतात २३८.०३. टेबलमध्ये छापलेला आकडा हाच. म्हणजे २३८.०५ आणि २३८.०३ मधला जो दोन शतांशांचा फरक आहे, तेच ते सात अणू. अख्खा अणुयुगाचा डोलारा या दोन शतांशांवर उभा आहे!

हे सात अणू कामाला लावायचे दोन मार्ग. पहिला मार्ग, युरेनियममधलं २३५ चं प्रमाण वाढवायचं. याला समृद्ध करणं म्हणतात. मग अणुभट्टीत न्यूट्रॉन सावकाश करायला साधं पाणीसुद्धा चालतं. दुसरा मार्ग, युरेनियमला हात लावायचा नाही, पाणीच बदलायचं. साधं पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करता करता बरेच न्यूट्रॉन गिळतंही, आणि सातांच्या जिवावर चाललेली साखळी तुटते. पण पाण्यातल्या हायड्रोजनचाही एक जड समस्थानिक असतो, ड्यूटेरियम, जो १९३१ मध्ये हॅरॉल्ड युरी यांनी शोधला. साधारण सहा-साडेसहा हजार हायड्रोजन अणूंत एक. निव्वळ त्याचंच पाणी केलं तर त्याला जड पाणी म्हणतात, आणि ते न्यूट्रॉन फारच कमी गिळतं. मग नैसर्गिक युरेनियम जसंच्या तसं चालतं. म्हणजे दोन्हीकडे खेळ सरासरीचाच आहे. एकीकडे युरेनियमची सरासरी हलवा, नाहीतर हायड्रोजनची.

यातलं सोपं कोणतं? हायड्रोजन. १ आणि २ मध्ये दुपटीचा फरक आहे, वेगळं करायला पकड मिळते. २३५ आणि २३८ मध्ये सव्वा टक्क्याचा. त्यासाठी त्या काळी युरेनियमचं हेक्साफ्लोराइड नावाचं वायुरूप संयुग करून ते सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून ढकलत. (फ्लोरिनला निसर्गात एकच समस्थानिक आहे हे इथे नशीब. त्याचेही दोन असते तर कोणता रेणू कशामुळे जड हेच कळलं नसतं.) एका रेणूचं वजन ३५२, दुसऱ्याचं ३४९. वेगातला फरक वर्गमुळात जातो, म्हणजे एका टप्प्यात हजाराला चार. असे टप्पे शेकड्यांनी लावावे लागतात आणि वीज प्रचंड लागते. १९५० च्या दशकात असे कारखाने असलेले देश एका हाताच्या बोटांवर मोजता येत होते. आपल्याला ते परवडणारं नव्हतं, आणि कोणी शिकवणारही नव्हतं. जड पाणी मात्र जमण्यासारखं होतं. १९६२ मध्ये पंजाबातल्या नांगलला, खत कारखान्याला जोडून, आपलं पहिलं जड पाण्याचं संयंत्र सुरूही झालं.

भाभांची १९५४ पासूनची योजना या तर्कावर उभी होती. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी. तिथे निरुपयोगी वाटणारे २३८ न्यूट्रॉन घेऊन प्लुटोनियम २३९ होतात. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम जलद अणुभट्ट्यांत जाळायचं. आणि तिसऱ्यात थोरियम, जे केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आपल्याकडे भरपूर आहे. थोरियमचा चौकोन बघा, २३२.०४. इथे सरासरीची भानगडच नाही, जवळजवळ सगळे अणू एकाच जातीचे. पण ती जात स्वतः फुटत नाही. तिला न्यूट्रॉन द्यावा लागतो, मग कालांतराने युरेनियम २३३ होतं आणि ते फुटतं. देशाच्या पदरात जे समस्थानिक आले आहेत त्यांच्यावर संसार चालवायचा, असा हा बेत. मला तो घरातल्या सामानात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हिशेबासारखा वाटतो.

बेत एक आणि व्यवहार दुसरा हे मात्र पहिल्या दिवसापासून होतं. तुर्भ्याची पहिली अणुभट्टी अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ ला चालू झाली. सोव्हिएत युनियन सोडलं तर आशियातली पहिली. बांधली आपल्याच लोकांनी, वर्ष-सव्वा वर्षात. नाव नेहरूंनी ठेवलं. पण आतलं इंधन समृद्ध युरेनियम, आणि ते ब्रिटनने दिलेलं. तिथल्या हारवेल केंद्राचे प्रमुख जॉन कॉकक्रॉफ्ट हे भाभांचे कॅव्हेंडिशच्या दिवसांपासूनचे स्नेही होते. जुनी हॉस्टेलची ओळख कधी कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही! १९६० ची सायरस मात्र नैसर्गिक युरेनियमवरची. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचं. या दोन भट्ट्यांमधून औषधोपचारासाठी किरणोत्सारी समस्थानिक देशातच बनू लागले. आज वाशीला २००० सालापासून मसाले कोबाल्ट ६० च्या किरणांनी जंतुमुक्त केले जातात, त्या कामाचं मूळ तिथेच आहे.

भाभांच्या सगळ्यांनीच माना डोलावल्या असं समजू नका. त्यांच्याच संस्थेत दामोदर धर्मानंद कोसंबी होते. गणिती, नाण्यांचे अभ्यासक, इतिहासकार. जन्म गोव्यातला, घर पुण्यात. डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला जाऊन येऊन नोकरी करणारा हा माणूस म्हणजे आपल्या कल्याण-डोंबिवलीकरांचा मानाचा पूर्वजच म्हणायला हवा. कोसंबींचं म्हणणं असं, की भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणूच्या महागड्या वाटेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्यावा. १९६२ मध्ये त्यांची संस्थेतली नोकरी संपली, करार पुढे वाढवला गेला नाही. आज डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर सौर पॅनेल दिसतात तेव्हा मला कोसंबी आठवतात. भाभांचे अंदाज नेहमी बरोबर निघाले असंही नाही. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी हायड्रोजनच्या संमीलनातून नियंत्रित ऊर्जा वीस वर्षांत मिळेल असं भाकीत केलं होतं. सत्तर वर्षं होऊन गेली.

आणि आता तारापूर. मुंबईच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर, समुद्रकाठी, बोईसरजवळ. कोळशाच्या खाणी इथून शेकडो किलोमीटर लांब, मुंबई आणि गुजरातला विजेची भूक मोठी, म्हणून पहिलं अणुवीज केंद्र इथे. १९६० मध्ये निविदा मागवल्या. आणि जो माणूस नैसर्गिक युरेनियमचा आराखडा घेऊन बसला होता, त्याने पसंत केली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची समृद्ध युरेनियमवर चालणारी भट्टी! यावरून त्यांच्यावर टीका झाली. भाभांचं गणित असं दिसतं, की हा प्रकार तयार आहे, बांधायला स्वस्त पडतो, कर्ज सोयीचं मिळतं, आणि अणुवीज कोळशाशी स्पर्धा करू शकते हे एकदा लोकांना दाखवून दिलं की पुढचा रस्ता मोकळा होईल. शिवाय त्यांनी सगळं एकाच पारड्यात टाकलं नाही. राजस्थानात कॅनडाच्या मदतीने नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीची बोलणीही त्याच सुमारास चालू होती. १९६३ च्या करारात अमेरिकेने तारापूरला तीस वर्षं इंधन पुरवायचं कबूल केलं.

हे इंधन किती समृद्ध? दोन-अडीच टक्के. २.४ धरून सरासरी काढू. हजारांत २४ अणू २३५ चे, बाकी ९७६ मोठे. उत्तर येतं २३७.९८. निसर्गाचं २३८.०३, तारापूरचं २३७.९८. फरक पाच शतांश. हे पाच शतांश आपल्याला बनवता येत नव्हते, ते परदेशातून आणायचे होते आणि त्यासाठी दुसऱ्या देशाची मर्जी लागणार होती. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलेला उपयोग तो हा.

याचे परिणाम पाहायला भाभा राहिले नाहीत. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदला लालबहादूर शास्त्री गेले. २४ जानेवारीला इंदिरा गांधींचा पंतप्रधानपदाचा शपथविधी होता, आणि त्याच दिवशी व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेल्या भाभांचं एअर इंडियाचं कांचनजंगा विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँ शिखरावर कोसळलं. विमानातले ११७ जणही गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. अविवाहित. मागे चित्रं, रेखाटनं, संगीताचा संग्रह आणि कुलाब्याच्या संस्थेत त्यांनी जमवलेली भारतीय चित्रकारांची चित्रं. झाड तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावायला सांगणारा हा माणूस होता. त्यांचा मलबार हिलवरचा बंगला २०१४ मध्ये लिलावात विकला गेला आणि नंतर पाडला. त्या अपघातावर मोबाइलवर फिरणाऱ्या रहस्यकथा तुम्ही वाचल्या असतील. माझ्याकडे त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

तारापूरच्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. मे १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम सायरसमधलं. १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि तारापूरच्या इंधनाचा पुरवठा रडतखडत होत शेवटी थांबला. तीस वर्षांचा करार मध्येच लंगडा पडला. केंद्रातले इंजिनिअर इंधन पुरवून पुरवून वापरत राहिले, कमी क्षमतेवर भट्ट्या चालवत राहिले. १९८२ मध्ये तोडगा निघून फ्रान्सने इंधन द्यायचं मान्य केलं. पुढे १९९५ मध्ये चीनकडून आलं, २००१ मध्ये रशियाकडून. पाच शतांशांसाठी चार देशांचे दरवाजे!

राजस्थानच्या भट्टीलाही झळ बसलीच, कॅनडाने १९७४ नंतर हात काढून घेतला. पण तिथे चित्र वेगळं झालं. इंधनात समृद्ध करण्यासारखं काही नव्हतंच, आणि जड पाण्याचे कारखाने आपण एकामागून एक उभारत गेलो. अलिबागजवळ थळचा कारखाना त्यातलाच. आपल्या इंजिनिअरांनी उरलेलं काम स्वतः पुरं केलं आणि तोच नमुना पुढे देशभर वापरला. २००५ आणि २००६ मध्ये तारापूरलाच तिसरी आणि चौथी भट्टी सुरू झाली, ५४० मेगावॉटची एकेक, स्वदेशी आराखड्याची. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, हेही लिहायला हवं. आता एकाच कुंपणात दोन घराण्यांच्या भट्ट्या शेजारी शेजारी आहेत. पहिल्या दोन २३७.९८ वाल्या, पुढच्या दोन २३८.०३ वाल्या.

माझी आत्या बोईसरला असते, दिव्याहून वसईमार्गे गाडीने मी तिच्याकडे जाते. त्या भागात गेलं की केंद्राचं नाव कोणाच्या ना कोणाच्या तोंडी येतंच. कोणाचा मुलगा तिथे नोकरीला, कोणाची जमीन तिथे गेलेली.

तिसऱ्या टप्प्याचं काय झालं, असं विचाराल. कल्पाक्कमला १९९६ पासून कामिनी नावाची एक छोटी अणुभट्टी आहे, जी थोरियमपासून मिळवलेल्या युरेनियम २३३ वर चालते. तिचं काम वीज बनवणं नाही, न्यूट्रॉनच्या साहाय्याने वस्तूंचे आतले फोटो काढणं वगैरे आहे. क्षमता ३० किलोवॅट. म्हणजे दोन किलोवॅटचे पंधरा गिझर.